मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग वेळ का बदलतो?

इंटरनेटवर मुंबई ते न्यूयॉर्क हे विमानाचं अंतर शोधलं की साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपासचा आकडा मिळतो. मोठं प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडतं, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. भागाकार केला तर उत्तर चौदा तासांच्या आत येतं. प्रत्यक्षात मात्र वाटेत न थांबणाऱ्या विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि येताना साधारण साडेचौदा. विमानतळ तेच, विमानाची जात तीच, तरी जाण्यायेण्यात दीड तासाचा फरक. आणि आपला भागाकार दोन्हींशी जुळत नाही.

न्यू जर्सीत मुलं-नातवंडं असलेल्या कितीतरी मराठी घरांत हा हिशेब तिकीट काढताना होतो आणि अर्धवट सुटतो. तो पुरा करण्यासारखा आहे. त्यात भूमिती आहे, वारा आहे, देशादेशांची भांडणं आहेत आणि विमान कंपन्यांची धोरणंही. समोरच्या छोट्या पडद्यावर सोळा तास सरकत राहणारा तो नकाशा एकदा वाचता आला, की प्रवासाला वेगळाच रंग चढतो.

आधी अंतर. साडेबारा हजार हा आकडा कुणी विमानातून मोजत नेलेला नाही, तो गणिताने काढलेला आहे. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आणि ७३ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर आणि ७४ अंश पश्चिमेच्या जवळ. या दोन्ही ठिकाणांपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत दोन रेषा ओढल्या अशी कल्पना करा. त्या दोन रेषांमध्ये केंद्रापाशी जो कोन होतो, तो भरतो सुमारे ११२.७ अंश. पृथ्वीचा पूर्ण फेरा ३६० अंशांचा आणि सुमारे ४०,००० किलोमीटरचा, म्हणजे एका अंशाला १११ किलोमीटरपेक्षा किंचित जास्त. गुणाकार केला की साडेबारा हजारांच्या थोडं पुढचं उत्तर येतं. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे, म्हणून वेगवेगळ्या संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसतो. तो मनावर घेण्यासारखा नाही. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात, कारण एका अंशात ६० सागरी मैल असतात आणि कोनावरून अंतर काढणं सोपं जातं. त्यांच्या भाषेत हे सुमारे ६,७६० सागरी मैल झाले.

पण ही सर्वांत जवळची वाट जाते कुठून? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडून पाहा. रेषा अरबी समुद्रावरून ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया करत मोरोक्कोतल्या माराकेशजवळून अटलांटिकवर उतरते. दिसते सरळ, पण या वाटेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे पट्टीने ओढलेली रेषा खऱ्या जवळच्या वाटेपेक्षा १,७०० किलोमीटर लांबची आहे.

आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईतून निघतो तोच पश्चिमेपेक्षा जास्त उत्तरेकडे. सौराष्ट्र, कच्छ, सिंध, क्वेट्ट्याच्या जवळून कंदाहार, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंड, मग स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लाब्राडोर, आणि मेन राज्यावरून खाली न्यूयॉर्क. उष्ण कटिबंधातल्या मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट आइसलंडवरून जाते, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खोटंच वाटतं. दोष आपल्या नकाशाचा आहे. मर्केटरने १५६९ मध्ये तो प्रकार काढला खलाशांसाठी, होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून जहाज चालवता यावं म्हणून. त्या कामाला तो उत्तम आहे. मात्र तो उत्तरेकडचे प्रदेश अवाच्या सवा फुगवतो आणि जवळच्या वाटा वाकड्या दाखवतो. विमानातल्या पडद्यावर मार्गाची कमान दिसते ती याचमुळे. विमान वळसा घेत नसतं, नकाशा ताणलेला असतो.

इथपर्यंत निव्वळ भूमिती झाली. पण कच्छ-कंदाहार-मॉस्कोच्या या वाटेने कुणी विमान नेत नाही.

आकाश मोकळं दिसत असलं तरी ते देशादेशांत वाटलेलं आहे. प्रत्येक देशाची आपली हवाई हद्द, तिथून जायचं तर परवानगी आणि त्याचं शुल्क. बालाकोटनंतर, २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने बहुतेक हवाई हद्द मिटून घेतली होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. अफगाणिस्तानावर २०२१ च्या ऑगस्टनंतर हवाई वाहतूक नियंत्रणाची घडी विस्कटली. युक्रेनचं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं त्या दिवसापासून प्रवासी विमानांना बंद आहे. त्याच सुमारास रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना दार लावलं, भारतीय कंपन्यांना मात्र लावलं नाही. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या अमेरिकी आणि भारतीय विमानांना वेगवेगळं आकाश मिळतं. अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळाला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते दोन बिंदूंमधला कोन मोजतं आणि थांबतं.

दिल्लीला याचा फटका मुंबईपेक्षा फार मोठा बसतो. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की तासाभराच्या आत पाकिस्तानची सीमा येते. ती बंद असली की विमानाला आधी नैर्ऋत्येला खाली उतरून अरबी समुद्र गाठावा लागतो आणि मग पश्चिमेची वाट धरावी लागते. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरावं लागलं ते त्यामुळे. मुंबई समुद्रकाठी आहे. इथलं विमान ओमान आणि आखाताच्या दिशेने निघतं, पुढे त्या दिवशी जो भाग सुरक्षित असेल तिथून युरोपवर येतं आणि अटलांटिक ओलांडतं.

यात किलोमीटर किती वाढतात? वाटतात त्यापेक्षा कमी, आणि ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर. बेरीज पावणेतेरा हजारांच्या आत. म्हणजे लंडनला जाऊन गेलं तरी सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा सुमारे दोनशे किलोमीटरच जास्त! दुबईमार्गे बेरीज १२,९५० च्या आसपास जाते, म्हणजे चारशेच्या वर. एवढ्या लांबच्या पल्ल्यावर मधला बिंदू काहीशे किलोमीटर इकडेतिकडे सरकला तरी एकूण लांबी फारशी बदलत नाही. म्हणून वाटेत एक थांबा घेणारं तिकीट घेतलं, तर वेळ जातो तो जमिनीवर: उतरणं, सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाची वाट पाहणं. हवेतला फेरा त्या मानाने किरकोळ असतो.

मग जाण्यायेण्यातला दीड तास कुठे जातो? वाऱ्यात.

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं जिथे उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंधातली तापलेली हवा आणि ध्रुवांकडची गार हवा यांतल्या फरकातून ते जन्मतात आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. त्यांच्या गाभ्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग ही रोजची गोष्ट आहे. हिवाळ्यात, फरक वाढला की, तो याच्या बराच वर जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगाला कळावं या आशेने त्यांनी तो अहवाल एस्परान्तो या, सगळ्या जगाची समाईक भाषा म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला आणि तो फारसा कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा वैमानिकांना या वाऱ्याने चक्रावून टाकलं. इतकं मोलाचं काम असं पडून राहिलं याची मला अजून हळहळ वाटते.

विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, हे इथे नीट धरून ठेवायला हवं. नदीतली होडी जशी पाण्यासकट वाहत जाते, तसं विमान हवेसकट जातं. वल्ही तेवढीच मारली तरी प्रवाहाबरोबर काठ झपाझप मागे पडतो आणि प्रवाहाच्या उलट जाताना जागचं हलत नाही असं वाटतं. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला विमानाचा वेग ८०० उरतो, पाठीमागून असेल तर १,००० होतो.

आता आपला भागाकार पुन्हा करू. वारा नसताना साडेबारा हजारांना ९०० ने भागलं की १३ तास ५३ मिनिटं. समोरच्या वाऱ्यात, ८०० ने भागलं की १५ तास ३७ मिनिटं. पाठच्या वाऱ्यात साडेबारा तास. तीन तासांहून जास्त फरक एकट्या वाऱ्याने पाडला. सबंध वाटेवर एवढा वारा नसतो आणि वैमानिक जाताना तो चुकवत जातात, म्हणून प्रत्यक्षातला फरक कमी दिसतो. यातली आणखी एक गंमत पाहा: जाणं-येणं मिळून २८ तास ७ मिनिटं झाली, वारा नसता तर २७ तास ४७ मिनिटंच झाली असती. जाताना जेवढं गमावलं तेवढं येताना परत मिळत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून असतो.

बरेच जण हा फरक पृथ्वीच्या फिरण्याच्या खात्यात टाकतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानासमोर न्यूयॉर्क आपणहून यायला हवं, असा त्यांचा तर्क असतो. तसं असतं तर जाताना कमी वेळ लागला असता. पण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत विमानही. मुंबईच्या धावपट्टीवर उभं असतानाच विमानाला पृथ्वीचा तो वेग मिळालेला असतो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवळणाने, वाऱ्याची दिशा ठरवून.

वाऱ्याची ताकद किती, याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपात वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास धरतात. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, त्या उंचीवरच्या ध्वनीच्या वेगाहूनही जास्त. तरीही विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण त्याच्या भोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाली, पण वेळ दोन तासांच्या आसपास वाचला आणि प्रवास साडेचौदा तासांत झाला. पाठीशी वारा होता. लांबची वाट लवकर पोहोचवते, हे ज्याला एकदा पटलं त्याला किलोमीटरच्या आकड्यावरून वेळ सांगणाऱ्या संकेतस्थळांची मर्यादा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अटलांटिकवर तर वाटा रोज नव्याने आखल्या जातात. वाऱ्याचा अंदाज पाहून कॅनडातलं गँडर आणि ब्रिटनकडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं समुद्रावरचे समांतर मार्ग ठरवतात: युरोपहून अमेरिकेकडे दिवसा जाणाऱ्यांसाठी वारा टाळणारे, रात्री परतणाऱ्यांसाठी वाऱ्यावर स्वार होणारे. आज तुमचं विमान ग्रीनलंडला खेटून गेलं आणि पुढच्या महिन्यात कितीतरी दक्षिणेकडून, तर त्यात वैमानिकाची लहर नसते.

एवढं सगळं करायला इंधन लागतं, आणि इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या विमानात १,८१,००० लिटरच्या आसपास इंधन मावतं. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला तर कधी माल उतरवावा लागतो, कधी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, कधी वाटेत उतरावं लागतं. म्हणूनच हा प्रवास एका दमात व्हायला इतकी वर्षं लागली. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. न्यूयॉर्कची सेवा १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानांनी सुरू झाली, तीही थांबे घेत. मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा जमलं ते २००७ मध्ये. आज जगातली सर्वांत लांब नियमित विनाथांबा सेवा सिंगापूर-न्यूयॉर्क आहे: १५,३०० किलोमीटरच्या वर आणि साडेअठरा तासांच्या आसपास, तीही खास जादा इंधनाची सोय केलेल्या एअरबस विमानांनी.

तिकिटावरच्या वेळेत आणखी एक हिस्सा असतो जो हवेतला नसतोच. कंपनी वेळ मोजते ती विमान विमानतळाच्या दारापासून, म्हणजे गेटपासून, मागे सरकल्यापासून पलीकडच्या विमानतळाच्या गेटशी उभं राहीपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी रांग लागते. केनेडीलाही लागते. चढताना आणि उतरताना विमान ताशी ९०० किलोमीटरने उडत नाही. उतरण्याची सुरुवात तर विमानतळ दोनशे किलोमीटरवर असतानाच होते. या सगळ्याला धरून कंपन्या थोडा जादा वेळ ठेवतात, कारण उशीर झाला तर पुढची सगळी वेळापत्रकं कोलमडतात. विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचलं, याचं कारण बऱ्याचदा हा राखून ठेवलेला वेळ असतो.

शेवटी घड्याळ, कारण घोटाळे सर्वांत जास्त इथे होतात. तिकिटावरच्या सर्व वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा मुंबईहून विमान रात्री १ वाजता सुटलं आणि सोळा तास उडालं. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे ५ वाजलेले असतील. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणून तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेसहा. उन्हाळ्यात अमेरिका घड्याळं एक तास पुढे करते, अंतर साडेनऊ तासांचं होतं आणि तेच विमान साडेसातला उतरतं. ही अदलाबदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. तिकीट पाहून आई-बाबांना प्रवास साडेपाच तासांचा वाटतो तो यामुळे. परतीला उलट: दुपारी १२ ला निघून साडेचौदा तासांनी, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला पोहोचलं, तर कागदावर पंचवीस तास दिसतात. खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा आधी एकाच गावच्या घड्याळात आणायच्या आणि मग वजाबाकी करायची.

आणि तारीख. १५ तारखेला रात्री १ चं विमान म्हणजे विमानतळावर जायचं १४ तारखेच्या रात्री. १५ च्या रात्री बॅगा घेऊन निघालात तर विमान केव्हाच अमेरिकेत पोहोचलेलं असेल. पालकांचं तिकीट परदेशातून काढून पाठवणाऱ्यांनी ही एक गोष्ट फोनवर स्वतः सांगावी, वार आणि तारीख दोन्ही म्हणून घ्यावी.

प्रवासाला किती वेळ लागेल हे नेमकं हवं असेल, तर अंतराच्या आकड्यावरून काढू नका. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या आठ-दहा दिवसांत ते किती वाजता सुटलं, कुठून गेलं, किती वाजता टेकलं हे पाहा. त्यात त्या दिवसांतला वारा आणि बंद असलेल्या हद्दी, दोन्ही आपोआप आलेल्या असतात. आणायला जाणाऱ्यांनी त्यात इमिग्रेशनची रांग आणि सामानाचा पट्टा यांसाठी तास-दीड तास आणखी धरावा, आणि व्हीलचेअर मागितली असेल तर त्याहून थोडा जास्त.